अप्पांना आधी सांगा: आतड्याच्या कॅन्सरनंतरची पहिली दोन वर्षं

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: वडील 58 वर्षांचे, शेतकरी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पोट फुगलं, संडास आणि वारा दोन्ही बंद झालं, रातोरात ऑपरेशन झालं. डाव्या बाजूचं आतडं काढलं, शौचासाठी पोटावर पिशवी लावली. बायॉप्सीत कॅन्सर आला: टी-3, तपासलेल्या 18 ग्रंथींपैकी 2 बाधित. सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ. आज पाच आठवडे झालेत. डॉक्टर केमो घ्या म्हणतात. "गाठ तर काढली, मग केमो कशाला? पिशवी कायमची का? जेवायला काय द्यायचं? अप्पा म्हणतात वावरात जातो, जाऊ द्यायचं का? आम्हा भावंडांना होईल का? आत्यालाही गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता. अप्पांना आम्ही आतड्याला पीळ पडला होता एवढंच सांगितलंय."

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी घेतो. बाकीच्या प्रत्येक उत्तराचा रस्ता तिथूनच जातो.

मी 24 वर्षं मराठवाड्यात पोटाच्या शस्त्रक्रिया करतोय. सुरुवातीच्या काळातला एक ऊसतोड कामगार माझ्या डोक्यातून जात नाही. तुमच्या अप्पांसारखाच आजार, तीच पायरी (स्टेज). ऑपरेशन छान झालं. घरच्यांनी हात जोडले, "डॉक्टर, त्याला सांगू नका, खचून जाईल." मी ऐकलं. महिनाभरात गड्याला भूक लागायला लागली, अंगात जीव आला, आणि दसऱ्यानंतर टोळीबरोबर तो कोयता घेऊन निघून गेला. पीळच तर पडला होता, तो सुटला, मग दवाखान्यात कशाला यायचं? कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडल्यावर उन्हाळ्यात परत आला तेव्हा यकृतात गाठी होत्या. त्यानं मला एकच विचारलं, "मला का नाही सांगितलं?" त्याला सांगणं हे माझं काम होतं. मी ते घरच्यांवर सोडलं होतं.

तेव्हापासून मी रुग्णापासून आजाराचं नाव लपवत नाही. आपल्याकडे 'कॅन्सर म्हणजे कॅन्सल' असं म्हणतात, त्या म्हणीनं फार नुकसान केलंय. तिची भीती वाटते म्हणून घरचे लपवतात, आणि लपवल्यामुळे माणूस मधेच उपचार सोडतो. अप्पांना ताप आला तर रात्री दोन वाजता उठून सांगायचं त्यांनाच आहे. गोळ्या त्यांनाच घ्यायच्यात. तीन-तीन महिन्यांनी गाडीत बसायचंय तेही त्यांनाच. कशासाठी हे माहीत नसताना कोण करेल?

सांगायचं कसं? एकदम सगळं ओतू नका. आधी विचारा, "अप्पा, तुम्हाला काय वाटतं, काय झालं होतं?" माझा अनुभव असा की दहातले सात-आठ जण मान खाली घालून म्हणतात, "मला अंदाज होता, तुम्हीच बोलत नव्हता." मग सांगा: आतड्यात कॅन्सरची गाठ होती, ती पूर्ण निघाली, दुसरीकडे कुठं दिसत नाही, आता ती परत येऊ नये म्हणून तीन महिन्यांचं औषध आहे. रडले तर रडू द्या. तुमच्याने होत नसेल तर त्यांना घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि त्यांनाच सांगायला लावा. आई तिथं असू दे.

आता गाठ काढल्यावर केमो कशाला, ते. अप्पांचा रिपोर्ट वाईट नाही, हे आधी मनात पक्कं करा. टी-3 म्हणजे गाठ आतड्याच्या स्नायूच्या थरापलीकडे पोचली होती. काखेत किंवा जांघेत अवधान येतं त्या जातीच्या बारीक ग्रंथी आतड्याच्या मागेही असतात. त्या किमान 12 तरी तपासल्या गेल्या तर रिपोर्टवर भरवसा ठेवता येतो. तुमच्याकडे 18 तपासल्यात, म्हणजे काम चांगलं झालंय. त्यातल्या दोनमध्ये पेशी सापडल्या म्हणून ही तिसरी पायरी. या पायरीला नुसत्या ऑपरेशनवर ढोबळमानानं निम्मे रुग्ण कायमचे बरे होतात. उरलेल्यांच्या अंगात अशा काही पेशी राहिलेल्या असतात ज्या सीटीत दिसत नाहीत, डोळ्यांनाही दिसत नाहीत. अप्पा यातल्या कोणत्या निम्म्यात आहेत हे आज कुणालाच सांगता येत नाही. केमो त्या न दिसणाऱ्या पेशींसाठी आहे. ती घेतली की बरं होणाऱ्यांची संख्या ठळकपणे वाढते.

अप्पांच्या पायरीला बहुतेक वेळा दोन औषधांची जोडी देतात. ऑक्सॅलिप्लॅटिन सलाईनमधून एका दिवशी, आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या 14 दिवस. मग सात दिवस विश्रांती. असे 21 दिवसांचे चार फेरे, म्हणजे तीन महिने. पूर्वी सगळ्यांना सहा महिने द्यायचे. आता टी-3 आणि तीनपर्यंत ग्रंथी बाधित असतील तर या जोडीचे तीन महिने बहुतेकांना पुरतात, आणि हातापायांच्या नसांचा त्रास बराच कमी होतो. अंतिम निर्णय केमो देणाऱ्या डॉक्टरांचा, पण हा प्रश्न त्यांना जरूर विचारा. आतड्याच्या या भागाच्या कॅन्सरला 'शेक', म्हणजे रेडिएशन, सहसा लागत नाही.

आणि हे औषध ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हायला हवं. तुमचे पाच गेलेत.

ऑक्सॅलिप्लॅटिनबद्दल शेतकऱ्याच्या घरात मी जरा जास्तच बोलतो, कारण शहरातल्या माहितीपत्रकात आपलं जगणं नसतं. या औषधानंतर गार वस्तूला हात लागला की बोटांत मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखं होतं. गार पाणी प्यायलं तर घशात आवळल्यासारखं वाटतं आणि श्वास कोंडल्याची भीती वाटते. श्वास खरा कोंडत नाही, पण माणूस घाबरतो. अप्पांचे फेरे येणार डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि परभणीची थंडी मी तुम्हाला सांगायला नको. त्यात रात्रीची लाईट. रात्री दोनला लाईट आली म्हणून गव्हाला पाणी द्यायला अनवाणी गार पाण्यात उभं राहणं या तीन महिन्यांत पूर्ण बंद. सकाळी तोंड धुवायलासुद्धा कोमट पाणी, रांजणाचं नाही. मोजे, मफलर, हातमोजे. स्टीलचा गार तांब्या उचलतानाही फडकं धरा. सलाईननंतरचे चार-पाच दिवस हे जास्त असतं, मग ओसरतं. पुढच्या फेऱ्याला मुंग्या ओसरल्या नसतील, शर्टाची गुंडी लावता येत नसेल, तर ते डॉक्टरांना सांगायचंच. "सहन करतो" म्हणायचं नाही. डोस कमी करता येतो, पण बधिर झालेल्या बोटांना विळ्याचा घाव कळत नाही. हा बधिरपणा केमो संपल्यावरही काही महिने राहू शकतो, कधी थोडा वाढतोही.

गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या. तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, भेगा पडतात. पहिल्या दिवसापासून तळपायाला मलम किंवा व्हॅसलीन लावा, चप्पल घालूनच फिरू द्या. मेडिकलवरून 'शक्तीच्या गोळ्या' स्वतःहून आणू नका. त्यांत बहुतेकदा फॉलिक ॲसिड असतं, आणि कॅपेसिटाबिनबरोबर त्यानं जुलाब आणि तोंड येणं बळावतं. गावातल्या कुणाची मुळी, काढा, अर्क यांनाही या तीन महिन्यांत नाही म्हणा. यकृतावर दोन्हीकडून भार नको.

दोन गोष्टींसाठी सकाळची वाट पाहायची नाही. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला, थंडी वाजून आली, तर लगेच दवाखाना. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा ताप जिवावर बेततो. आणि पिशवी रोज भरते त्याहून दिवसाला चार किंवा अधिक वेळा जास्त, पातळ भरायला लागली तर गोळ्या थांबवून फोन. थर्मामीटर आजच घ्या आणि बघायचं कसं ते अप्पांनाच शिकवा.

उपचार कुठं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण मनात असेल. ही केमो मराठवाड्यात नीट होते. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, धाराशिव-बीडकडचे लोक बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात जातात. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात एकदा दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण त्यात तीन आठवडे घालवू नका. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्याला तिकिटात सवलत आहे, त्याचा फॉर्म रुग्णालयातून मिळतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशन कार्ड, आधार आणि बायॉप्सी रिपोर्ट घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. सावकाराकडे जायच्या आधी तिथं जा.

आता पिशवी. अप्पांची पिशवी बहुधा कायमची नाही. आतडं तुंबलेलं, फुगलेलं असताना जोडलं तर जोड सुटायची भीती असते, म्हणून वरचं टोक पोटावर काढतात आणि खालचं बंद करून आत ठेवतात. केमो संपून प्रकृती सावरली की ते पुन्हा जोडता येतं. सगळ्यांचं जोडलं जातंच असं नाही, पण तुमच्या अप्पांच्या वयात शक्यता चांगली आहे.

पण तोपर्यंतचे पाच-सहा महिने तिच्यासोबत काढायचेत, आणि इथं मी पाहिलंय की माणसं कॅन्सरपेक्षा पिशवीला जास्त हरतात. एक भजनी मंडळातले गृहस्थ होते, वजन सारखं उतरत होतं. सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडेना. शेवटी त्यांच्या बायकोनं सांगितलं, पिशवी भरू नये म्हणून ते अर्धी भाकरीच खातात. देवळात वास येईल, आवाज येईल, म्हणून सहा महिने हरिपाठाला गेले नव्हते. आमच्या नर्सनं त्यांना पिशवी नीट लावायला शिकवली. पुढच्या नाथषष्ठीला ते पैठणला जाऊन आले.

पिशवी नीट चिकटली असेल तर वास येत नाही. वास आला तर कुठंतरी फट आहे असं समजा. आणि फट पडते ती पिशवीच्या भोकाच्या मापामुळे. पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड पहिले सहा-आठ आठवडे आकसत जातं, पण घरचे दवाखान्यातून मिळालेल्या जुन्या मापानंच भोक कापत राहतात. मग उघड्या राहिलेल्या कातडीवर मैला बसतो, कातडी सोलते, तिथं चिकट धरत नाही, आणि गळती सुरू. दर आठवड्याला माप घ्या. भोक तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं ठेवा. धुवायला फक्त कोमट पाणी आणि मऊ सुती कापड. तेल नको, डेटॉल नको. कातडी पूर्ण कोरडी झाल्यावरच लावा. सकाळी चहाच्या आधी बदला, तेव्हा आतडं शांत असतं. एक तृतीयांश भरली की रिकामी करा, नाहीतर वजनानं सुटते. जास्तीच्या पिशव्या मोटारसायकलच्या डिकीत उन्हात ठेवू नका, चिकट वितळतं.

ते तोंड लालबुंद, ओलसर दिसणं चांगलं. हात लागला तर दुखत नाही, थोडं रक्त पुसलं जातं तेही चालतं. काळं-निळं पडलं तर मात्र तातडीनं दाखवा. धोतर नेसत असतील तर गाठ त्या जागेवर येणार नाही असं नेसायला सांगा. आणखी एक, जे क्वचितच कुणी आधी सांगतं: खालच्या बंद आतड्यातून अधूनमधून शौचाच्या जागेवाटे शेंबडासारखा चिकट पदार्थ येतो. अप्पा घाबरले असतील आणि लाजेनं बोलले नसतील. ते नॉर्मल आहे.

पिशवी आज कोण बदलतं? आई बदलत असेल तर हळूहळू अप्पांच्या हातात द्या. ज्या दिवशी माणूस स्वतःची पिशवी स्वतः बदलतो, त्या दिवसापासून त्याची मान वर होते. हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

जेवणाबद्दल. बहुतेक घरांत ऑपरेशननंतर भाकरी बंद होते आणि महिनोन्महिने मुगाचं पाणी नि साबुदाणा चालतो. त्यानं माणूस वाळतो, आणि वाळलेल्या माणसाला केमो झेपत नाही. अप्पांना आता भाकरी चालेल. आधी दुधात नाहीतर वरणात कुस्करून, मग नेहमीसारखी, चावून. तूर-मुगाचं घट्ट वरण, दूध, घरचं ताजं दही, दिवसाला दोन अंडी, चालत असेल तर चिकन किंवा मासे. शेंगदाण्याचं कूट चालेल, अख्खे शेंगदाणे आणि मका थोडे थांबून. कोबी, पावटा, हरभऱ्यानं वारा धरतो, तेवढंच बघून द्या. हुरड्याच्या दिवसांत मन होईलच, मूठभर द्या, चावून खायला सांगा. केमोत जुलाब सुरू असतील तर मात्र मऊ भात, ताक, केळी आणि मीठ-साखर-पाणी. गूळ-साखरेनं कॅन्सर पोसतो म्हणून चहासुद्धा बिनसाखरेचा करणारी घरं मी बघतो. मधुमेह नसेल तर याची गरज नाही. एकादशी या काळात धरू नये, पांडुरंग समजून घेईल. तंबाखू आणि दारू कायमची बंद. दर सोमवारी एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा.

आणि अप्पांचं ताट-वाटी वेगळी काढली असेल तर परत एकत्र करा. हा रोग उष्ट्यानं, अंथरुणानं, स्पर्शानं लागत नाही. नातवंडांना मांडीवर बसू द्या.

वावरात जाऊ द्या, पण बघायला. बांधावरून फेरी, झाडाखाली बसणं, सालगड्याशी बोलणं, यानं जे होतं ते माझ्या औषधानं होत नाही. उचलायचं मात्र काही नाही. युरियाची 45 किलोची गोणी, फवारणीचा पंप, मोटार ओढणं, हे किमान तीन महिने नको, आणि पोटावर पिशवी असेपर्यंत नकोच. तिथला स्नायू आधीच चिरलेला असतो, जोर पडला की तिथून हर्निया येतो. केमो सुरू असताना फवारणीच्या जवळही जाऊ नये.

केमो संपल्यावर चालणं वाढवा. 2025 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या 889 रुग्णांचा. आतड्याच्या कॅन्सरची केमो झालेल्या या लोकांपैकी निम्म्यांकडून तीन वर्षं ठरवून व्यायाम करून घेतला, निम्म्यांना नुसती माहिती दिली. पाच वर्षांनी व्यायाम करणाऱ्यांतले 80 टक्के रोगमुक्त होते, दुसऱ्या गटातले 74. व्यायाम म्हणजे काय, तर बहुतेकांसाठी आठवड्यातून तीन-चार दिवस पाऊण ते एक तास भरभर चालणं. "शेतात राबतोच की" यात धरू नका. दम लागेल असं सलग चालणं वेगळं.

आता पुढच्या तारखा. हा रोग परतायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो, आणि लवकर सापडला तर यकृतातली एखादी गाठसुद्धा काढून माणूस बरा होऊ शकतो. म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि रक्तातली सीईए चाचणी (रोग परतल्याची खूण देणारी), मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. सीटी वर्षातून एकदा-दोनदा, डॉक्टर सांगतील तसं. आणि एक तपासणी तुमच्याकडे राहून गेलीये. ऑपरेशन तातडीचं झालं, त्यामुळे उरलेल्या आतड्याची दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोपी, झालेली नसणार. त्यात दुसरी गाठ किंवा मोड (मूळव्याधीचा नव्हे, आतड्याच्या अस्तरावरचा पॉलिप) असू शकतो. ऑपरेशनपासून तीन ते सहा महिन्यांत, म्हणजे तुमच्या बाबतीत केमो संपल्या संपल्या, आणि आतडं परत जोडण्याआधी ती व्हायलाच हवी. पिशवीच्या तोंडातून सहज करता येते.

भावंडांचं. फक्त अप्पांचा आजार असता तर मी म्हटलं असतं, चाळिशीला दुर्बीण करा, तोवर संडासवाटे रक्त, सवयीत बदल किंवा कारणाशिवाय रक्त कमी होणं याकडे लक्ष ठेवा. मूळव्याध म्हणून पाटी वाचून कुणाकडे जाऊ नका, आधी तपासून घ्या. पण तुमच्या आत्याच्या आजारामुळे एक गोष्ट पाहिलीच पाहिजे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर असेल, जो आपल्याकडे जास्त दिसतो, तर त्याचा याच्याशी संबंध नाही. पण गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा असेल, तर आतडं आणि गर्भाशय अशा दोन्ही कॅन्सरचा कल देणारा लिंच सिंड्रोम नावाचा आनुवंशिक दोष घरात असू शकतो. आत्याचे जुने कागद शोधा. अप्पांच्या गाठीचा मेणातला ठोकळा पॅथॉलॉजी लॅबमध्ये ठेवलेला असतो, त्यावर एमएमआर नावाची चाचणी (पेशीतल्या जनुकांच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का ते बघणारी) करून घ्या. तीत दोष दिसला तर पुढे रक्ताची जनुकीय चाचणी होते. दोष पक्का झाला तर ज्या भावंडांत तो असेल त्यांची दुर्बीण विशीच्या मध्यापासून आणि दर एक-दोन वर्षांनी लागते. तशा तपासणीत मोड कॅन्सर होण्याआधीच निघून जातात.

म्हणजे या आठवड्यात तुमच्याकडे तीन कामं आहेत: केमोची तारीख, आत्याचे कागद, आणि अप्पांशी बोलणं. उलट्या क्रमानं करा. केमोच्या डॉक्टरांकडे जाताना बायॉप्सीचा रिपोर्ट, सीटी, ऑपरेशनची नोंद असलेलं डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या. आणि खुर्चीत तुम्ही बसू नका, अप्पांना बसवा.